गच्चीच्या फरशीखालचा रक्षक

पावसाळा तोंडावर आला की, पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या सिडको वसाहतींत गच्च्यांच्या डागडुजीची लगबग सुरू होते. वरच्या मजल्यावर ओल दिसली, की फरशांच्या फटी सिमेंटने बुजवल्या जातात. मात्र पुढच्या पावसात डाग पुन्हा उमटतो. याचे कारण, गच्चीचे खरे संरक्षण फरशी करीत नाही. ते काम फरशी आणि स्लॅब यांमधील जलरोधक थराचे असते.

काँक्रीट सच्छिद्र असते. झिरपलेले पाणी आतील सळईपर्यंत पोहोचले, की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने काँक्रीटला तडे जाऊन त्याचे पोपडे गळू लागतात. म्हणूनच ओलीचा डाग हा केवळ रंगाचा प्रश्न नसून इमारतीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे या थरासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा रूढ आहे. जलरोधक द्रव्य मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यात हे तुकडे बसवून साधारण १०० फुटांना १ फूट असा उतार दिला जातो, त्यामुळे पाणी साचत नाही. अलीकडे डांबरी पत्रे किंवा रासायनिक लेपही वापरले जातात. थर कोणताही असो, पाणी बहुधा शिरते ते सांध्यांतून. त्यामुळे कठड्याच्या कडेची गोलाई आणि पाण्याच्या पाइपाचे तोंड यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. फरशी बसवण्यापूर्वी गच्चीवर निदान ४८ तास पाणी साठवून खालचे छत तपासणे, ही या कामाची खरी परीक्षा होय.

जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालण्याचा मोह मात्र टाळावा. चार इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते आणि हा वाढीव भार स्लॅबला पेलवेलच असे नाही. संरचना अभियंत्याचा सल्ला येथे आवश्यक ठरतो.

नव्या इमारतींच्या रहिवाशांना कायद्याचाही आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास, विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करावयाचा असतो. ओल दिसताच छायाचित्रांसह लेखी तक्रार नोंदवणे म्हणूनच हिताचे. मुदत टळल्यावर तोच खर्च सोसायटीच्या माथी येतो.