बापाने बुजविलेले खड्डे

पुत्रशोकाने दशरथाने प्राण सोडले. गांधारीने प्रत्यक्ष श्रीकृष्णाला शाप दिला. मुंबईतील मरोळच्या एका भाजीविक्रेत्याने यांपैकी काहीच केले नाही. त्याने घमेले उचलले.

२८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळली आणि मागे बसलेला १६ वर्षांचा प्रकाश बिल्होरे प्राणास मुकला. चालविणाऱ्या चुलत भावाच्या डोक्यावर शिरस्त्राण होते, तो वाचला. त्यानंतर प्रकाशचे वडील दादाराव बांधकामांवरचा राडारोडा, खडी, वाळू गोळा करून शहरातील खड्डे स्वहस्ते बुजवू लागले. २०१८ पर्यंत त्यांची संख्या ५०० च्या वर गेली होती.

लोकांनी त्यांना 'पॉटहोल दादा' म्हटले, वाखाणले. ते योग्यच झाले. परंतु या कौतुकात आपली एक सोय दडलेली आहे. ज्या कामासाठी महापालिका कर घेते, अभियंते नेमते, ठेकेदारांची बिले चुकती करते, ते काम एका शोकाकुल बापाच्या घमेल्यात यावे, याची लाज वाटण्याऐवजी आपल्याला गहिवरून येते!

आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. वर्गातला एक मुलगा रस्त्यावर गेला, तेव्हा हजेरीपटावरील त्याच्या नावावर रेघ ओढण्यास आमचा हात धजेना. महिनाभर तो क्रमांक न उच्चारताच आम्ही पुढे जात असू, आणि वर्ग त्या क्षणी गप्प होई. परक्या मास्तराची ही अवस्था. मग रात्री पाने मांडताना चुकून एक पान अधिक मांडणाऱ्या आईची काय होत असेल? सरकारी अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत १८ वर्षांखालील ९,५२८ होती.

खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. रकमेने कोणा बापाचे समाधान होणार नाही, हे न्यायमूर्तीही जाणत असतील. महत्त्वाचा भाग पुढचा आहे: ही रक्कम दोषी अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावयाची आहे. अशी वसुली कोणाकडून, केव्हा आणि किती झाली, हे महापालिकेने नावानिशी जाहीर करावे. ती यादी आम्ही याच पानावर छापू.