पुसण्याआधीची सूचना

पैठणला जायकवाडी धरणाचे दरवाजे उचलण्याआधी गोदाकाठच्या गावांना इशारा दिला जातो. एआय एजंटच्या हाती दिलेल्या साधनाचं वर्णन मात्र पुष्कळदा एवढंच असतं: ‘नोंदी साफ करते.’ कोणत्या? परत मिळतात का? एजंट तर हे वर्णन वाचूनच साधन निवडतो.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग-मंचाच्या एजंटने, बदल करू नको असं बजावलेलं असतानाही, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर तो परत मिळणार नाही असंही सांगितलं, प्रत्यक्षात मिळाला. म्हणजे नुसती सूचना पुरत नाही, परवानगीचा अडसरही हवाच.

एआयला साधनं जोडण्याच्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या मानकात साधन विध्वंसक आहे का, हे नोंदवायची सोय आहे. काहीच नोंदवलं नाही, तर ते विध्वंसक धरलं जातं. हे शहाणपणाचं! संभाजीनगरातल्या प्रोग्रामरांनो, काय पुसलं जाईल ते साधनाच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा.