तिसऱ्यांच्या पिलांना पेज

गेल्या पावसाळ्यात मालवणला घरी गेलो, तर पुतणीच्या शेडमध्ये आमची आई एका ट्रेवर वाकून उभी. ट्रेमध्ये मोहरीएवढ्या तिसऱ्या आणि त्यांच्यावर तपकिरी पाण्याची बारीक धार.

"गो बाय, ह्यांका दूद पाजतंस की काय?"

"दूदच समज गो आजी," पुतणी म्हणाली.

तिसऱ्यांचे सुके आवडीने चोखणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते, की ती बिचारी स्वतः काय खाते? मला तरी नव्हते. नळीने ती पाणी आत ओढते, कल्ल्यांवरच्या केसांनी त्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून घेते आणि नको ते बुळबुळीत स्रावात गुंडाळून बाहेर टाकते. खाडीत हे सारे फुकट. शेडमध्ये ते शेवाळ बरण्यांत वाढवावे लागते. दिवे, हवा, खत, निर्जंतुक पाणी, सगळे आले. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगभरच्या शिंपला-बीजाच्या खर्चातला सरासरी ३० टक्के वाटा या शेवाळाचा निघाला होता.

पैशाचे एक वेळ सोडा. आदल्या आषाढात तीन दिवस वीज गेली आणि पुतणीच्या बरण्या एकामागून एक पांढऱ्या पडल्या. निम्मी पिले उपाशी मेली. बँकेचा हप्ता मात्र जिवंत होता!

म्हणून पूरक आहाराचा खटाटोप. पावाचे यीस्ट स्वस्त आणि साधारण शेवाळाच्या पेशीएवढे. पण त्याची साल कठीण, प्रक्रिया केल्याशिवाय पिलांना नीट पचत नाही. वाढीला लागणारे डीएचएसारखे मेदही त्यात नसतात. स्पेनमधल्या गॅलिशियातल्या संशोधकांनी मक्याचे आणि गव्हाच्या अंकुराचे पीठ देऊन पाहिले. हिशेब आपल्या ओळखीचा आहे : पिष्टावर रोजची ताकद भागते, मग शेवाळातली प्रथिने अंगाला लागतात. आमटीबरोबर भात, तसेच. नुसत्या पिठावर मात्र पिले वाढत नाहीत आणि जास्त झाले तर पाणी नासते.

पुतणी मक्याचे पीठ आईच्या जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ करते, पाण्यात कालवते, जाड कण खाली बसू देते आणि वरचे दुधट पाणी तेवढे शेवाळात मिसळते. दोन ट्रे शेजारी ठेवले होते, एक नुसत्या शेवाळाचा, दुसऱ्यात चौथा हिस्सा पेज. तीन आठवड्यांनी मला काही फरक दिसेना. तिने मापपट्टी लावली. पेजेची पिले किंचित मागे होती.

"चालतील," ती म्हणाली. "बरण्या गेल्या तर उरलेल्या शेवाळावर चार दिवस जास्त निघतील."

आईचे लक्ष ट्रेमध्येच. "मगे ह्यो खावक कधी गावतल्यो?"

"आदी खाडीत तरी जाव देत गो आजी!"