दोन्ही टोके धरून मोजावे

चातुर्मासातील एक संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून घरातील मंडळी प्रतिक्रमणाच्या तयारीत होती. तेवढ्यात माझ्या थोरल्या बंधूंची नात सरावसंच घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. ती आठवीत आहे आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करीत आहे. दुपारी तिच्या सराव चाचणीचे गुण पाहून तिचे वडील बोलून गेले होते, "व्यापाऱ्याच्या घरात जन्मलीस आणि साधी मोजणी येत नाही?" बोलणाऱ्याला ते शब्द सहज वाटले असतील, ऐकणारीला ते लागले होते. "आजोबा, मी या परीक्षेला बसतच नाही," एवढेच ती म्हणाली.

मी सारी नोकरी बँकेत, आकड्यांच्या संगतीत केलेली. मोठ्या विश्वासाने संच हाती घेतला. प्रश्न होता : एका पुस्तकाच्या पृष्ठांना १ पासून क्रमांक देण्यासाठी एकूण ४९२ अंक लागले, तर पृष्ठे किती? मी तोंडीच सांगू लागलो. १ ते ९ यांना ९ अंक. १० ते ९९ या ९० संख्यांना १८० अंक. एकूण १८९. उरले ३०३. पुढे प्रत्येक संख्येला तीन अंक, म्हणजे आणखी १०१ संख्या. शंभरात १०१ मिळवले, उत्तर २०१.

तिचे उत्तर २०० होते. "पुन्हा कर," मी म्हणालो. आणि माझा स्वर तिच्या वडिलांच्या स्वराहून फारसा निराळा नव्हता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, पुस्तक शंभरच पृष्ठांचे असेल तर १९२ अंक लागतील. त्यातून १८९ गेले की ३ उरतात, म्हणजे एक संख्या. मग तुमच्या रीतीने १०० अधिक १, अशी १०१ पृष्ठे होतील ना?"

मी निरुत्तर झालो. तीन अंकी संख्यांची सुरुवातच १०० पासून होते. त्या १०१ संख्यांत १०० ही पहिली संख्या मोजलेलीच आहे. म्हणून १०१ मिळवायचे ते ९९ मध्ये. उत्तर २०० हेच बरोबर. संवत्सरीची वाट न पाहता मी तिला तिथल्या तिथे "मिच्छामि दुक्कडं" म्हटले.

खरे तर ही चूक आपल्या घरांत कोणी करीत नाही. अठाईचा पहिला उपवास ३ तारखेला असेल तर आठवा १० तारखेला येतो आणि पारणे ११ ला. तीनात आठ मिळवून आठवा उपवास ११ ला आहे, असे कोणी म्हणत नाही. चेकबुकात २४१ ते २६५ क्रमांकांचे चेक असतील तर ते २४ नव्हेत, २५ असतात. वजाबाकी करून एक मिळवायचा, कारण दोन्ही टोके मोजायची आहेत. मात्र ५ तारखेला ठेवलेली रक्कम २० तारखेला काढली, तर व्याज १५ दिवसांचेच. तेथे एकच टोक धरायचे. कोठे दोन्ही टोके धरायची आणि कोठे एक, हे ओळखणे म्हणजेच अर्धे गणित.

मग मी तिची चाचणी नीट पाहिली. तिची आकडेमोड बहुतेक ठिकाणी बिनचूक होती. चूक होती ती प्रश्न वाचण्यात. ‘१ ते १०० मध्ये ७ हा अंक किती वेळा येतो?’ आणि ‘१ ते १०० मध्ये ७ हा अंक असलेल्या संख्या किती?’ हे दोन प्रश्न तिला एकच वाटले होते. एकक स्थानी ७ दहा वेळा येतो : ७, १७, २७ असे ९७ पर्यंत. दशक स्थानी ७० ते ७९ मध्ये पुन्हा दहा वेळा. म्हणून अंक येतो २० वेळा. पण ७७ ही संख्या दोन्हीकडे मोजली गेली; ती एकदाच धरली की संख्या भरतात १९.

त्यानंतर मी तिला आपल्या पेढीवरची जुनी सवय सांगितली : तेरीज जुळविल्याशिवाय वही मिटायची नाही. १ ते १०० मध्ये २ ते ९ हे आठ अंक प्रत्येकी २० वेळा, म्हणजे १६०. १ हा अंक २१ वेळा, कारण १०० चा एक जास्त. शून्य ११ वेळा. बेरीज १९२. आता दुसऱ्या बाजूने पाहा : ९ अधिक १८० अधिक १०० चे ३, म्हणजे १९२. दोन्ही बाजू जुळल्या, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू आले.

संख्यामालिकांचेही असेच आहे. २, ६, १२, २०, ३० यांपुढे काय? आधी लगतच्या संख्यांतील फरक लिहावा : ४, ६, ८, १०. पुढचा फरक १२, म्हणून उत्तर ४२. फरकातून नियम दिसला नाही, तर गुणाकार पाहावा. ४, ९, २०, ४३ या मालिकेत प्रत्येक संख्येची दुप्पट करून क्रमाने १, २, ३ मिळविले आहेत. म्हणून पुढची संख्या ८६ अधिक ४, म्हणजे ९०. या परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात. एका प्रश्नाला ७२ सेकंद. तेवढ्या वेळात चाचपडणे परवडत नाही. ठरलेल्या क्रमाने पाहण्याची सवय असेल तर वेळ पुरतो.

हा वारसा आपल्याला परका नाही. स्थानांग सूत्रात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात श्रेढींची गणिते आहेत, आणि उत्तरातील अंक हारातील मण्यांसारखे शोभावेत असे गुणाकारही आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ वेळा १ येतो. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१. मुलीने दोन्ही गुणाकार कागदावर करून पाहिले. ज्यांनी असे गणित रचले, त्यांना अंकांत हिशेबाइतकाच आनंदही दिसला असला पाहिजे. आपण मुलांना हिशेब देतो. आनंद द्यायचे राहून जाते.

व्यापारी घरांत तोंडी हिशेबाचा अभिमान असतो आणि तो असावाच. पण झटपट उत्तर देणे ही एक कला आहे आणि क्रमाने विचार करणे ही दुसरी. जे मूल थांबून विचार करते त्याला आपण मंद ठरवतो, आणि त्या एका शब्दाने त्याची परीक्षा सुरू होण्याआधीच संपते.

रात्री तिचे वडील दुकानातून आले. मी काही न सांगता ४९२ अंकांचा तोच प्रश्न त्यांना घातला. त्यांनी चपला काढता काढता उत्तर दिले, "दोनशे एक." मुलगी हसली. "पप्पा, दोन्ही टोके धरलीत का?" ते थबकले, बसले, कागद मागितला. बराच वेळ आकडे मांडल्यावर त्यांनी मान वर केली. "तुझे बरोबर आहे, बेटा. दुपारी मी बोललो ते चुकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावसंच पुन्हा तिच्या दप्तरात गेलेला मी पाहिला.