शस्त्रक्रियेनंतरचं ताट

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली की ज्येष्ठांची भूक मंदावते आणि अंथरुणात स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणूनच ‘एस्पेन’ ही युरोपीय पोषणतज्ज्ञांची संस्था अशा रुग्णांना जेवणाच्या जोडीला पूरक पोषणपेय द्यायला सांगते. या पेयातून दिवसाला किमान ४०० कॅलरी व ३० ग्रॅम प्रथिने मिळावीत, तीही निदान महिनाभर.

प्रथिने : आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या आजींना रोज ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

घरातलं : भाईंदरजवळच्या उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यांत ताजी मासळी दारात मिळते. सुक्या बोंबलातही प्रथिने भरपूर, पण रक्तदाब असेल तर मिठाकडे लक्ष हवं. भाईंदरच्या शाकाहारी घरांत पनीर, दही, मूग, सोयाबीन आहेच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

गोळ्या : कॅल्शियम कार्बोनेट जेवणानंतर घ्यावं. थायरॉईडच्या गोळीत आणि त्यात चार तासांचं अंतर ठेवावं. लोहाची गोळीही कॅल्शियमसोबत नको.

सावधान : ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या होतात, रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो आणि मूत्रपिंडाला इजा होते.

डिस्चार्ज घेतानाच कोणती गोळी, कधी आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.