गंज गोल असतो, दिसतो लंबगोल

आपल्या भंडारा जिल्ह्यात चित्रकलेवर बोलायला उभं राहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमच्या पोराच्या हातात कलाच नाही." आता बघा, ज्या हाताला 'ळ' आणि 'क्ष' वळवता येतो, त्याला रेषाही ओढता येते. अडतं ते डोळ्यापाशी.

पितळेच्या भांड्यांसाठी आपला जिल्हा जुना नावाजलेला, म्हणून उदाहरण घरचंच घेऊ. सरळ काठाचा एक पितळी गंज जमिनीवर ठेवा (पुण्या-मुंबईकडचे ऐकत असतील तर त्यांनी पातेलं समजावं) आणि समोर खुर्चीवर बसून तो काढा. बहुतेक नवशिके तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेषेत. का? तर तोंड गोल आहे आणि बूड सपाट आहे, हे त्यांना माहीत असतं. म्हणजे त्यांनी गंज पाहिलाच नाही, आठवला.

एक साधा पेला घ्या. तो डोळ्यासमोर आणा, काठ अगदी नजरेच्या पातळीत. तोंड काय दिसतं? नुसती आडवी रेषा. आता पेला हळूहळू खाली न्या. रेषा उघडत जाते, लंबगोल होतो, आणखी खाली नेला की तो जास्त गोल होतो. गंजाचं बूड तोंडापेक्षा नजरेच्या आणखी खाली असतं. म्हणून बुडाची कड तोंडाच्या पुढच्या कडेपेक्षा जास्त वाकडी यायला हवी. सरळ तर मुळीच नाही. लंबगोलाची टोकंही लिंबासारखी टोकदार नकोत, ती वळलेलीच असतात. आधी मधोमध एक उभी फिकट रेषा मारा, दोन्ही बाजू तिच्यावरून तपासा.

आता माप. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, गंजाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने पकडा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. हात वाकला की माप गेलं! मोबाईलवरच्या फोटोवरून काढू नका असं मी म्हणतो ते याचसाठी. तिथे हे मोजण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना आपली गावोगावची मुलं बसतात. स्मरणचित्रासाठी ठरावीक माणसं घोटून घेता येतात, वस्तू समोर ठेवली की घोटलेलं चालत नाही. तिथे मार्क गेले की घरचे म्हणतात, कला नाही. अहो, त्याला पेन्सिल धरून मोजायला कुणी दाखवलं होतं का?

छायेची घाई करू नका. आकार बसल्यावर २बी किंवा ४बी घ्या आणि डोळे किलकिले करून बघा, बारकावे विरतात, उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. पितळ मात्र थोडं फसवं. मातीच्या मडक्यावर छाया हळूहळू उतरते, घासलेल्या पितळेवर लख्ख पट्ट्याला लागूनच गडद पट्टा येतो. म्हणून पहिले पंधरा दिवस मडकं, मग गंज.

आणि रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर उभे राहिलात तर समोरच्या बांध्या बघा. जवळची उघडी, पसरट. लांबची चपटी होत होत शेवटी नुसती रेघ. पेल्याच्या तोंडाचं जे झालं, तेच.