दिवा लिंबावर लागत नाही

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लिंबांचं एक टेबल असतंच. लिंबात तांब्याची पट्टी आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोचायचा, अशी तीन-चार लिंबं वायरींनी जोडायची, की चिमुकला एलईडी मिणमिणतो. शेजारच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, 'लिंबापासून वीज'. हे श्रेय भलत्यालाच जातं. लिंबाऐवजी व्हिनेगर घ्या, दिवा लागेल. खिळा काढून तिथेही तांबंच लावा, मग लिंबू कितीही रसाळ असो, काळोखच.

मग ऊर्जा कुठली, हे मोरचुदाच्या पाण्यात स्वच्छ दिसतं. निळ्याशार द्रावणात जस्ताची पट्टी सोडली की थोड्याच वेळात तिच्यावर काळपट-तांबूस थर धरतो, निळाई फिकी पडते, भांडं हाताला कोमट लागतं. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो आणि तेच दोन घेऊन तांब्याचा आयन धातू होतो. तांब्याला इलेक्ट्रॉनची ओढ जस्ताहून जास्त. सारी ऊर्जा या ओढीतल्या फरकाची. पण देणारा आणि घेणारा एकमेकांना खेटून असल्यामुळे व्यवहार जागच्या जागी उरकतो आणि हाती नुसती ऊब येते.

जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये लंडनला बनवलेल्या सेलची करामत एवढीच, की त्यांनी या दोघांची भेट होऊ दिली नाही. मध्ये आधी बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा होता, पुढे बिनझिलईचं मातीचं भांडं आलं, आपल्या माठासारखं पाझरणारं. आत सौम्य गंधकाम्लात जस्त, बाहेर मोरचुदात तांबं. आता इलेक्ट्रॉनला तारेतूनच जावं लागतं, आणि त्या वाटेवर आपण आपला दिवा लावून घेतो. आयन मात्र मातीतून झिरपत राहतात. ते अडले तर दोन्हीकडे भार साचून प्रवाह तत्काळ थांबेल. लिंबाचा रसही आयनांना अशीच वाट देतो. शिवाय त्यातले हायड्रोजन आयन तांब्याच्या पट्टीवर इलेक्ट्रॉन घेतात, तेव्हा त्याला अगदीच बिनकामाचं म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, ऊर्जा तीच असेल तर एवढा खटाटोप कशाला? सुमारे ६५ ग्रॅम जस्त मोरचुदात थेट विरघळवलं तर साधारण २१७ किलोज्यूल उष्णता निघते. सेलमधून सावकाश काढलं तर त्यातले सुमारे २१२ किलोज्यूल विजेच्या रूपात मिळू शकतात. उष्णतेची वीज करताना एवढा वाटा कधीच हाती लागत नाही. मात्र हे जस्त खनिजातून सोडवताना आधीच भट्टी किंवा वीज खर्ची पडलेली असते, म्हणून त्यावर शहरं उजळत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोबाइलची बॅटरी तर आपण विजेनेच भरतो, मग तिच्यात वीज साठत नाही का? भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत इलेक्ट्रॉन सारखेच असतात. चार्जर त्यांना उलट्या दिशेने ढकलून रासायनिक घड्याळाला पुन्हा किल्ली देतो.

भिंतीवरच्या घड्याळातल्या स्वस्त पेन्सिल सेलला ही सोय नाही. त्याचा जस्ताचा डबा हेच त्याचं इंधन. वापरात तो आतून खाल्ला जातो, पातळ होतो आणि एक दिवस भोक पडून आतला चिकट मसाला स्प्रिंगवर पाझरतो.